ईव्ही बुक करायच्या आधी पार्किंगमधल्या पॉइंटचं बघा: फ्लॅटवाल्यांसाठी चार्जिंगचा खरा खर्च आणि खरी सोय

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सिंहगड रोडला २४ फ्लॅटची जुनी सोसायटी, खाली स्वतःच्या नावाचं पार्किंग, रोज हिंजवडीला जाऊन येऊन ४५ किमी, महिन्यातून एकदा सासरी कोल्हापूर. घरचा वीजवापर महिन्याला १८० युनिटच्या आसपास. नेक्सॉन ईव्हीची ३० ची (म्हणजे ३० युनिट वीज मावणारी) बॅटरी घ्यावी की ४५ ची यात अडकलाय, कमिटी चार्जर बसवायला का कू करतेय, आणि भाऊजी म्हणतायत की चार्जिंगची कटकट नको, सरळ सीएनजी घे.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, लायसनवाला, सोसायट्यांमधली मीटर रूमची कामं करतो आणि गेली काही वर्षं त्यात निम्मी कामं गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटची असतात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ईव्ही स्वस्त पडणार की नाही हे गाडीवर फार कमी अवलंबून असतं, ती रात्री जिथे उभी राहते तिथे वीज कुठल्या मीटरवरून येते त्यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. लोक सहा महिने गाड्यांचे रिव्ह्यू बघतात आणि मीटर रूममध्ये पाच मिनिटंसुद्धा जात नाहीत, मग गाडी दारात आली की मला फोन येतो. क्रम उलटा ठेवा.

आता हिशोब. रोजचं धरून महिन्याला साधारण ११०० किमी शहरात होतात. नेक्सॉनसारखी गाडी शहरात नीट चालवली तर एका युनिटला ७ किमीच्या आसपास देते, म्हणजे बॅटरीतून १५७ युनिट. पण मीटरवर १५७ पडत नाहीत, कारण घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करताना, केबलमध्ये आणि बॅटरीत भरताना दहा-बारा टक्के जातातच, त्यामुळे मीटरवर १७५ धरा. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही आणि मग लोकांना वाटतं मीटर फास्ट आहे.

हे १७५ युनिट तुम्ही घरच्याच मीटरवर घेतले तर काय होतं बघा. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. तुमचे १८० आधीच झालेत, म्हणजे स्वस्त स्लॅब संपलेला आहे, गाडीचं एकही युनिट त्यात बसत नाही. पुढचे १२० युनिट दुसऱ्या स्लॅबला, वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत आणण्याचे बिलात लागणारे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट तेरा रुपयांच्या आसपास, आणि उरलेले ५५ युनिट तिसऱ्या स्लॅबला अठराच्या आसपास. एकूण अडीच-पावणेतीन हजार. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतात म्हणून तुमचं ताजं बिल उलटून मागचा तक्ता बघा, पण चित्र हेच राहतं. ज्यांच्या घरात दोन एसी आहेत आणि बिल आधीच ४५० युनिटचं येतं त्यांची गाडी तर बहुतेक सगळी सर्वात महाग स्लॅबवर चार्ज होते. "ईव्हीला एक रुपया किलोमीटर" हे ऐकून घेतलेली गाडी त्यांना तीन रुपयाला पडते.

दुसरा रस्ता म्हणजे गाडीसाठी वेगळं मीटर. वीज नियामक आयोगाने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी केलेली आहे, तिला स्लॅब नाहीत. वहन आकार धरून युनिट साधारण आठ-नऊ रुपयात पडतं, वर मंजूर भारावर (कनेक्शनला मंजूर झालेल्या किलोवॅटवर) दर महिन्याचा स्थिर आकार. तुमच्या १७५ युनिटला सगळं मिळून अठराशे-एकोणीसशे होतील. घरच्या मीटरपेक्षा महिन्याला सातशे-आठशे वाचले. पण जो माणूस महिन्याला ४०० किमीच फिरतो त्याला मी वेगळं मीटर सुचवत नाही, त्याचे जेमतेम ६५ युनिट होतात, त्यासाठी दर महिन्याला वेगळा स्थिर आकार भरत बसण्यात अर्थ नाही, घरच्याच मीटरवरून केबल ओढा आणि विषय संपवा.

तिसरा रस्ता, सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर. तिथे युनिट कुठे १६, कुठे २० तर कुठे २४, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेला जीएसटी नाही, चार्जिंग स्टेशनवर तुम्ही सेवा विकत घेताय म्हणून तो लागतो. वीसचा दर धरला तरी हातात २३.६० पडतात, म्हणजे तुमच्या ११०० किमीला, बॅटरीत जाणाऱ्या १५७ युनिटचे, ३७०० रुपये. आता भाऊजींचं सीएनजी बघू. किलोला २४ किमी आणि दर नव्वदच्या आसपास धरला तर ४१०० रुपये. पेट्रोल १०४ आणि शहरात १४ चं अॅव्हरेज धरलं तर आठ हजाराच्या वर. म्हणजे ज्याला पार्किंगमध्ये पॉइंट मिळणारच नाही त्याच्यासाठी भाऊजी बरोबर आहेत, ईव्ही आणि सीएनजीमध्ये महिन्याला चारशे रुपयांचा फरक आणि वर चार्जरवर बसून राहण्याचा वेळ, त्यासाठी गाडीचे जास्त पैसे मोजू नयेत. पण तुमच्याकडे स्वतःचं पार्किंग आहे, त्यामुळे तुमचा हिशोब वेगळा आहे. वेगळं मीटर घेतलंत तर सीएनजीच्या निम्म्याहून कमी.

आता सोय. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात कारण प्रत्येकाला ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवा असतो. ताई, तुमचं रोजचं ४५ किमी आहे, म्हणजे मीटरवरचे सात-साडेसात युनिट. साधा १५ अँपियरचा पॉइंट, जो तीन किलोवॅटच्या आसपास देतो, त्यावर हे अडीच तासात भरतं. गाडी रात्री दहा तास उभी असते! उरलेले साडेसात तास ती नुसती उभी राहणार आहे. एखाद्या दिवशी १५० किमी फिरून आलात तरी सकाळपर्यंत पुन्हा भरलेली मिळते. ७.२ घ्यायचा म्हणजे ३२ अँपियर, त्यासाठी मंजूर भार वाढवणं आलं, बऱ्याच जुन्या इमारतीत थ्री फेज घ्यावं लागतं, थ्री फेज घरगुतीचा स्थिर आकार सिंगल फेजच्या साधारण तिप्पट आहे, आणि केबलही जाड. घरात दोन ईव्ही असतील किंवा रोजचं रनिंग दीडशेच्या पुढे असेल तर जरूर घ्या. नाहीतर ते पैसे अर्थिंगवर घाला.

अर्थिंगचं जरा नीट सांगतो कारण "चार्जर खराब आहे" म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बहुतेक फोन अर्थिंगचे असतात. मागच्या पावसाळ्यात धायरीकडच्या एका सोसायटीत गेलो होतो. नवीन गाडी, गन (चार्जरचा गाडीत लावायचा प्लग) लावली की चार्जरवर लाल दिवा, सर्व्हिसवाले येऊन चार्जर बदलून गेले तरी तेच. मी सॉकेटमध्ये व्होल्ट मोजायचा मीटर लावला, फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, एकदम छान, आणि न्यूट्रल ते अर्थ बघितलं तर २६ व्होल्ट. हे दोन-तीनच्या वर असायला नको. खाली उतरून पिट (अर्थिंगचा खड्डा) शोधला तर त्यावर पेव्हर ब्लॉक टाकलेले, खाली जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी गंजून हातात तुकडा आला. म्हणजे त्या बिल्डिंगमधले फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन कितीतरी वर्षं अर्थिंगशिवाय चालत होते आणि कोणालाच माहीत नव्हतं, गाडी तेवढी अडून बसली कारण तिला तसंच बनवलेलं असतं. कमिटीला मी हेच सांगतो की गाडीने तुमचा दोष दाखवून दिलाय, गाडीवर चिडू नका. नवीन पिट घ्या, पॉइंटपर्यंत वेगळी अर्थ वायर आणा. काही जण न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून "जुगाड" करून देतात, दिवा हिरवा होतो आणि गाडी चार्ज पण होते. हे कुणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की गाडीच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात, आणि पार्किंगमध्ये मुलं खेळत असतात.

दुसरी जागा म्हणजे सॉकेट. घरातला गीझरचा १५-१६ अँपियरचा सॉकेट अर्धा तास चालायला ठीक आहे. गाडी त्यातून १३-१४ अँपियर सलग आठ-आठ तास ओढते. पाठीमागचा स्क्रू जरा ढिला असला तरी तिथे उष्णता साठते, आधी प्लगची पिन काळपट होते, मग सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. पिन काळी दिसली की त्याच दिवशी बंद करा. मी पार्किंगमध्ये इंडस्ट्रियल सॉकेटच बसवतो, आणि ज्या चार्जरला घरगुतीच प्लग असतो तिथे चांगल्या कंपनीचा मेटल बॉक्सवाला सॉकेट, ४ स्क्वेअर एमएम कॉपर, अंतर जास्त असेल तर ६, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). जमिनीपासून चार-साडेचार फूट वर. सिंहगड रोडला नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तिथे आणखी वर. आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्ज करणं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो अधूनमधून, ते कृपा करून नको.

सगळं मिळून खर्च किती? तुमचं पार्किंग मीटर रूमपासून किती लांब आहे त्यावर. वीस-पंचवीस मीटर असेल तर १५-२० हजारात चांगलं काम होतं, बिल्डिंगला वळसा घालून केबल न्यायची असेल आणि नवीन अर्थ पिट घ्यायचा असेल तर ३५-४० पर्यंत जातं. गाडीबरोबर इन्स्टॉलेशन फ्री म्हणतात तेव्हा किती मीटर केबल त्यात धरलीय हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

आता कमिटी. त्यांच्याशी भांडू नका, त्यांची भीती दोन गोष्टींची असते, आग आणि लोड, आणि दोन्हीची उत्तरं देता येतात. आगीचं वर सांगितलं, नीट केबल आणि नीट सॉकेट. लोडचं म्हणाल तर त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. आज एक गाडी आहे, उद्या २४ होतील, आणि सगळ्यांनी ७.२ चे चार्जर लावून संध्याकाळी सातला ऑफिसातून आल्या आल्या गन लावली तर १७० किलोवॅटच्या वर लोड होतो, जुन्या डीपीला आणि मेन केबलला ते झेपायचं नाही. त्याच २४ गाड्या तीन-तीन किलोवॅटवर रात्री अकरानंतर लावल्या तर काही बिघडत नाही. गाडीच्या अॅपमध्ये नाहीतर चार्जरमध्ये वेळ लावून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरा. म्हणून मी सांगतो की सोसायटीने आत्ताच ठराव करावा की पॉइंट कोणालाही मिळेल पण तीन किलोवॅटचा, केबलचा रस्ता ठरलेला, काम लायसनवाल्याकडून आणि टेस्ट रिपोर्ट सोसायटीच्या फाइलला. असा कागद ठेवला की बहुतेक कमिट्या हो म्हणतात.

आणि नियम तुमच्या बाजूने आहेत हे माहीत असू द्या. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच सांगितलंय की घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्याप्रमाणे सोसायटीत राहणाऱ्यालाही ईव्हीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. महावितरणला अर्ज ऑनलाइन करा, पार्किंगचं अलॉटमेंट लेटर, गाडीचे कागद आणि सोसायटीचं पत्र जोडा, कोटेशन आलं की भरा. प्रत्यक्षात मीटर रूममध्ये नवीन मीटर लावायला जागा आहे का यावर बरेच अर्ज अडतात, म्हणून आधी जाऊन पॅनलचा फोटो काढा.

एक सल्ला मात्र टाळा. "सोसायटीच्या कॉमन मीटरवरून सबमीटर घ्या" असं कोणीतरी नक्की सुचवेल, सगळ्यात सोपं दिसतं ते. पण लिफ्ट आणि पंपामुळे त्या मीटरचा वापर आधीच ५०० च्या पुढे असतो, म्हणजे तुमचं प्रत्येक युनिट सर्वात वरच्या स्लॅबने, वीसच्या घरात. बाहेरच्या चार्जरइतकंच महाग. हो, सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं तर गोष्ट बदलते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, आणि त्यात ईव्ही चार्जिंग धरलेलं आहे, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. दहा किलोवॅट बसवले तर महिन्याला १२०० युनिट कॉमन बिलातून कमी होतात, कमिटीला हा आकडा दाखवा, चार्जिंगपेक्षा त्यांना यात जास्त रस वाटेल आणि तुमचंही काम होईल.

आणखी एक, तुमच्याकडे नवीन टीओडी (वापराच्या वेळेप्रमाणे दर लावणारं) मीटर लागलं असेल तर १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. तुम्ही त्या वेळेत हिंजवडीत, त्यामुळे शनिवार-रविवारचं चार्जिंग दुपारी करा. कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जर असेल तर चौकशी करा, काही आयटी कंपन्यांत अगदी कमी दरात मिळतं.

आता कोल्हापूर, म्हणजेच ३० की ४५. हायवेला ९०-१०० ने गाडी युनिटला ६ किमीच देते, वर खंबाटकीसारखे चढ. ३० च्या बॅटरीत १८०, ४५ मध्ये २७० धरा. कोल्हापूर २३० किमी. म्हणजे लहान बॅटरीला साताऱ्याला नाहीतर कराडला थांबावंच लागेल, मोठी कागदावर पोचते पण शेवटचे वीस-तीस किमी टक्क्यांकडे बघत चालवायला लागेल, म्हणून तिच्यातही एक चहाचा थांबा धरा. २५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर यायला ४५ च्या बॅटरीला साधारण अर्धा तास आणि पाचशे-साडेपाचशे रुपये लागतात. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, तिथे बसून राहू नका, मागे कोणीतरी वाट बघत असतं. आणि चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून ६० मिळतील असं नाही, दोन गनवाला असेल आणि शेजारी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी निम्मे निम्मे होतात, शिवाय तुमची गाडी किती घेते ती मर्यादा वेगळीच. निघायच्या आधी अॅपमध्ये चार्जर चालू आहे का आणि शेवटचं चार्जिंग कधी झालंय ते बघा, आणि त्याच्या पुढचा एक चार्जर हाताशी ठेवा. तीन-चार कंपन्यांची अॅप्स आधीच घेऊन वॉलेटमध्ये दोन-तीनशे टाकून ठेवा, रेंज नसलेल्या ठिकाणी ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं होतं.

टोलचं पण बरेच जण गृहीत धरतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूसाठी आहे. तुमच्या रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, सगळीकडे भरायचाच आहे.

माझं विचाराल तर महिन्यातून एकदाच्या कोल्हापूरसाठी ४५ ची बॅटरी आवश्यक नाही, पण सुट्ट्यांच्या दिवसात कराडच्या चार्जरवर चार गाड्यांची रांग असते तेव्हा मोठी बॅटरी सुटका करते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर ४५ घ्या, एकट्या-दुकट्याने जात असाल तर ३० पुरे आणि उरलेल्या पैशात पॉइंट, अर्थिंग सगळं होऊन वर शिल्लक राहील. सासरच्या घरी अंगणात १५ अँपियरचा एक पॉइंट मात्र जाण्याआधी करून घ्या, तिथल्या वायरमनला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून फोटो पाठवायला सांगा. एक रात्र गाडी लावलीत तर सकाळी दीडशेच्या वर किमी भरलेले मिळतात आणि परतीचा थांबा वाचतो किंवा दहा मिनिटांवर येतो.

मीटर रूमच्या पॅनलचा, पार्किंगच्या जागेचा आणि विजेच्या बिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, मंजूर भार किती आहे ते दिसलं की भार वाढवायला लागेल का आणि केबल कुठून न्यायची ते सांगतो.